ओकमल्गी नदीकाठची दफनभूमी

अमेरिकेच्या आग्नेय भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. त्यात मेकन हे मध्यम वस्तीचे शहर, आणि शहराला लागून ओकमल्गी नदी वाहते. नदीकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर १८४० साली एक दफनभूमी सुरू झाली. सिमरी रोझ नावाच्या गृहस्थाने तिची आखणी केली, म्हणून तिला रोझ हिल म्हणतात. हा माणूस पेशाने वृत्तपत्रवाला, पण झाडाफुलांचा मोठा नादी. दफनभूमी बागेसारखी असावी, लोकांनी तिथे घटकाभर येऊन बसावे, अशी त्या काळी तिकडे कल्पना होती. आपल्याकडे संध्याकाळी मसणवटीकडे फिरून या, असे कोणी कोणाला सुचवणार नाही. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढची हकीकत आपल्याला चमत्कारिक वाटेल.

१९६९ साली सहा तरुण वादक या शहरात राहायला आले. ड्वेन ऑलमन आणि त्याचा धाकटा भाऊ ग्रेग हे त्यांतले प्रमुख. गिटारवर डिकी बेट्स, खर्जाच्या गिटारवर बेरी ओकली, आणि ढोलताशांवर एकाऐवजी दोघे : बुच ट्रक्स व जेमो. या मंडळींचे नाव ऑलमन ब्रदर्स बँड. ज्या संगीताला पुढे ‘सदर्न रॉक’, म्हणजे दक्षिणेकडचे रॉक, असे नाव पडले, त्याचे हे आद्य पुरुष. ग्रेगला मात्र हे नाव कधी आवडले नाही. रॉक मुळात दक्षिणेतच जन्मले, मग पुन्हा ‘दक्षिणेचे’ कशाला म्हणायचे, असा त्याचा सवाल असे, आणि तो खोटा नव्हता.

या सहांपैकी पाच गोरे आणि जेमो काळा. आपण म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष असे की हॉटेलात, आगगाडीत, शाळेत काळ्यागोऱ्यांना वेगळे बसवण्याची रीत दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, आणि ती बेकायदा ठरवणारा मोठा कायदा होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. कायदा १९६४ चा. माणसांची मने काही त्या तारखेला बदलली नव्हती.

ड्वेनचे लहानपण सुखाचे गेले नाही. तो १९४६ साली जन्मला. वडील लष्करात होते. १९४९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गाडीत घेतलेल्या एका उपऱ्या माणसानेच त्यांना गोळी घालून ठार केले. आईने दोन्ही मुलांना एकटीने वाढवले. ड्वेनच्या वादनाबद्दल ग्रेगने पुढे एक गोष्ट सांगितली आहे. ड्वेन सर्दीने आजारी होता. ग्रेगने त्याच्या वाढदिवसाला एक ध्वनिमुद्रिका आणि सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली आणून दिली. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला, ती बोटात घातली आणि तारांवरून घसरवू लागला. विचित्रवीणेवर काचेचा गोळा तारांवरून फिरवतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना या तऱ्हेची कल्पना येईल : सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यासारखा ओढला जातो. त्या ध्वनिमुद्रिकेवर ‘स्टेट्सबरो ब्लूज’ नावाचे एक जुने गाणे होते. ते लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

मेकनला आल्यावर या पोरांजवळ पैसा नव्हता. रात्री-अपरात्री ती गिटारी घेऊन रोझ हिलवर जाऊन बसत. खाली नदी, नदीकाठाने आगगाडीचा रूळ, आणि आजूबाजूला शंभर-सव्वाशे वर्षांचे दगड. डिकी बेट्सने तिथे एक गत बांधली. ती ज्या स्त्रीच्या आठवणीने सुचली तिचे नाव उघड करायचे नव्हते, म्हणून त्याने जवळच्या थडग्यावरचे नाव उचलले. १८४५ साली जन्मून १९३५ साली वारलेली एलिझाबेथ रीड नेपियर नावाची बाई अशी आपल्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी जगभर ठाऊक झाली. तिथेच बारा वर्षांच्या मार्था एलिसची समाधी आहे. ती १८९६ साली गेली. ड्वेनच्या ‘लिटल मार्था’ या गतीचे नाव तिच्यावरून पडले असे सांगतात.

इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तिथले आणखी काही दगड महत्त्वाचे वाटतात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढलेले सुमारे सहाशे सैनिक रोझ हिलवर ओळीने पुरलेले आहेत. गुलामांना पुरण्याची जागा वेगळी, शेजारच्या ओक रिजमध्ये. म्हणजे मेल्यावरही पंगत निराळी. हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन समजावून सांगायला नको. आणि त्याच टेकडीवर गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावून एक काळा वादक बसत होता, आणि सगळे मिळून वाजवत होते ते मूळचे काळ्या गायकांचे ब्लूज.

पुढचे थोडक्यात सांगतो. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्येच ड्वेनच्या मोटारसायकलसमोर एक मालमोटार वळली, आणि त्या अपघातात तो गेला. वय चोवीस. वर्ष उलटले, आणि ११ नोव्हेंबर १९७२ रोजी त्या जागेपासून दोन-तीन गल्ल्यांवर बेरी ओकलीची मोटारसायकल बसवर आदळली. आपल्याला काही झाले नाही म्हणून तो इस्पितळात न जाता घरी गेला, आणि त्याच दिवशी वारला. त्याचेही वय चोवीसच. रोझ हिलवर दोघे शेजारी शेजारी आहेत. दगडांवर त्यांची वाद्ये कोरली आहेत. २०१७ च्या जूनमध्ये ग्रेगला भावाजवळ आणून ठेवले.

चाहत्यांची गर्दी इतकी झाली की या समाध्यांना कुंपण घालावे लागले. कुंपणाची गरज किती असते ते फ्लोरिडात दिसले. तिथल्या लिनर्ड स्किनर्ड या वाद्यवृंदाचे विमान २० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपी राज्यातल्या जंगलात कोसळले. इंधन संपले, एवढेच कारण. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची गायिका बहीण कॅसी यांच्यासह सहाजण गेले. जे वाचले त्यांना बाहेर काढले ते चिखल आणि ओढा तुडवत आलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी. नंतर २००० सालच्या जूनमध्ये रात्री कोणीतरी रॉनी आणि स्टीव्ह यांची थडगी फोडली. रॉनीची शवपेटी बाहेर ओढून टाकली, स्टीव्हची थोडी राख सांडली. शेवटी रॉनीचे अवशेष तिथून हलवून जॅक्सनव्हिलच्या दुसऱ्या दफनभूमीत पक्के बंदिस्त करावे लागले. वैऱ्याने असे केले असते तर समजता आले असते. या माणसाला वैरी नव्हता.

आता त्या गाण्याकडे येऊ. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कला ऑलमन बंधूंच्या ज्या मैफली मुद्रित झाल्या, त्यांची ध्वनिमुद्रिका ‘स्टेट्सबरो ब्लूज’नेच सुरू होते. तिच्यातले ड्वेनचे काच घसरवणे ऐकून कित्येकांनी पुढे गिटार हातात धरली. हे गाणे १९२८ साली प्रथम मुद्रित केले ते ब्लाइंड विली मॅकटेल या जॉर्जियाच्याच काळ्या, आंधळ्या गायकाने. तो बारा तारांची गिटार वाजवी, रस्त्यावर गाई, मिळेल ते घेई. १९५९ साली मेकनपासून फारशा दूर नसलेल्या मिलेजव्हिल गावी तो वारला. त्याच्या नावाचा बोलबाला दोन-चार वर्षांनी सुरू होणार होता, तो त्याने पाहिला नाही. त्याला थॉमसन गावाजवळ जोन्स ग्रोव्ह चर्चच्या आवारात पुरले आहे. त्याच्यावर माहितीपट करणाऱ्या एका लेखकाने १९९२ च्या सुमारास पदरचे पैसे घालून तिथे दगड बसवला. त्या दगडावर नाव आहे ते घरचे, मॅकटियर. त्या समाधीला कुंपण घालण्याची पाळी कोणावर आलेली नाही.