काजळीचा रंग

कंदिलाची काच राखेने पुसण्याचं काम ज्यांनी लहानपणी केलं आहे, त्यांना काजळी म्हणजे काय हे सांगायला नको. दिवा उजेड देतो, तशी काजळीही देतो. चुलीमागची भिंत कितीदा चुन्याने पांढरी केली, तरी महिन्याभरात पुन्हा काळवंडायची. आता मात्र दिवाणखान्याची एखादी भिंत मुद्दाम गडद रंगवण्याची हौस दिसते. गर्द निळी, कोळशासारखी करडी, कधी चक्क काळी. ही चाल नवी वाटते, पण ती दोन हजार वर्षं जुनी आहे. आणि तिच्या मुळाशी हौसेइतकीच काजळीही आहे.

इटलीतलं पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या उत्खननात मेजवानीचं एक दालन सापडल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. सुमारे १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. भिंती काळ्याभोर आणि त्यांवर ट्रॉयच्या कथेतली माणसं: हेलन आणि पॅरिस, अपोलो आणि कॅसांड्रा. खाली दहा लाखांहून अधिक पांढऱ्या खड्यांची जमीन. भिंती काळ्या का, याचं कारण तिथल्या पुरातत्त्व उद्यानाचे संचालक गाब्रिएल त्सुखट्रीगल यांनी सांगितलं. मेजवान्या सूर्य मावळल्यावर व्हायच्या. तेलाच्या दिव्यांचा धूर भिंतीवर दिसू नये, म्हणून हा रंग. ज्योत हलली की चित्रातली माणसंही हलल्यासारखी वाटत असणार.

त्याआधी, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने हेच लिहून ठेवलं होतं. हिवाळ्यातल्या भोजनगृहात नाजूक चित्रकाम करू नका, शेकोटीचा धूर आणि दिव्यांची काजळी ते नासवते. त्यापेक्षा भिंतीवर काळे चौकोन घोटून चकचकीत करा, असा त्याचा सल्ला. हा काळा रंग करायचा कसा, तेही तो सांगतो. राळ भट्टीत जाळायची, धूर कोंडायचा आणि आतल्या भिंतींवर धरलेली काजळी गोळा करायची. तिच्यात डिंक घातला की लिहायची शाई, सरस घातला की भिंतीचा रंग. म्हणजे काजळी लपवायला काजळीच! आपल्याकडेही तीच काजळी काचेवर धरली तर पुसून टाकतात आणि तुपात कालवली तर काजळ म्हणून डोळ्यांत घालतात.

पण मला विट्रुव्हियसचं वेगळंच एक वाक्य विसरता येत नाही. ग्रीकांच्या हिवाळी भोजनगृहांतली जमीन कशी असते, ते तो सांगतो. खाली कुटलेल्या कोळशाचा थर, वर वाळू, चुना आणि राख यांचं मिश्रण. घासल्यावर ती काळीशार दिसते. पेल्यातून सांडलेलं लगेच सुकतं. आणि वाढणारे नोकर अनवाणी असले, तरी त्यांना गारठा बाधत नाही.

एवढ्या मोठ्या ग्रंथात त्या अनवाणी पायांसाठी अर्धीच ओळ आहे, पण आहे.

पाँपेईच्या त्या दालनाच्याच गल्लीपट्ट्यात एक भटारखानाही सापडला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली. लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज. तिथे गुलामांना आणि गाढवांना कोंडून धान्य दळून घेत. त्या अंधाराला कोणी रंग म्हटलं नसेल. तो कोणी निवडलेलाही नव्हता.

विजेचे दिवे आले आणि भिंतीवरचा धूर गेला. काळा रंग आता गरजेचा राहिला नाही, आवडीचा झाला. आवड जरूर असावी. भिंत काळी करा, तिच्यावर एक मंद दिवा लावा. माणसांचे चेहरे खरोखरच उजळून दिसतात. फक्त पाहुणे येतील तेव्हा चहाचा ट्रे घेऊन त्या खोलीत कोण ये-जा करतं आणि त्याच्या पायाखाली काय आहे, तेवढं एकदा बघा.