श्वास, मेंदूच्या लहरी आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

रोह्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. दिवा मेमूत वाचा, नाहीतर रात्री पांघरुणात वाचा.

आजचा विषय तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेलाच असणार. एक माणूस संथपणे हात वर-खाली करतोय, मागे बासरी वाजतेय, त्याच्या कपाळावर एक पट्टी आहे आणि बाजूला मोबाईलवर हिरवी रेषा नाचतेय. खाली लिहिलेलं असतं, प्राचीन चिनी छीगोंग आणि आधुनिक ब्रेनवेव्ह ट्रेनिंग यांचा संगम, मन शांत, झोप गाढ, लगेच बुक करा.

दोन शब्द आधी सोडवून घेऊ. छीगोंगमधला 'छी' म्हणजे श्वास किंवा आपण ज्याला प्राण म्हणतो तो, आणि 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेलं कसब. संथ हालचाल, संथ श्वास, एकाग्र मन, असा तो प्रकार. ब्रेनवेव्ह ट्रेनिंग म्हणजे डोक्याला सेन्सर लावून मेंदूची विद्युत हालचाल मोजायची, ती तुम्हाला लगेच आवाजातून किंवा चित्रातून दाखवायची, आणि हवी ती लहर वाढवायला तुम्हाला शिकवायचं. याला न्यूरोफीडबॅकही म्हणतात.

जाहिरातीत हा संगम नवाकोरा वाटतो. पण ध्यान आणि यंत्र यांची गाठ घालायचा खटाटोप शंभर वर्षं जुना आहे, आणि त्यातलं एक मोठं पान आपल्या शेजारचं आहे. पाली-खोपोली करत बोरघाट चढलात की लोणावळा, तिथलं.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

साल १९२४. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने जुलै महिन्यात माणसाच्या मेंदूतली विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली. तोच आजचा ईईजी. बर्गरला हा नाद लागला त्यामागे एक अजब कारण होतं. तरुणपणी लष्करी प्रशिक्षणात तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्यासारखं वाटलं होतं. मनातलं मनाला कळतं ते कसं, याचा शोध त्याला घ्यायचा होता. ते काही सापडलं नाही, अल्फा लहर सापडली. एका सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा होणारी हालचाल. डोळे मिटून निवांत बसलं की ती ठळक होते, डोळे उघडले की मावळते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, खानदेशात अमळनेरला शिक्षणाचं काम केलं, आणि मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. संस्थेबरोबरच त्यांनी 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिक काढलं आणि त्यात योगावरचे प्रयोग छापायला सुरुवात केली.

गुणे काय मोजत होते?

मला हा माणूस आवडतो तो या भागासाठी. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. पाण्यात बसून, पंप न वापरता, आतड्यात पाणी वर ओढून घ्यायचं. जुने लोक म्हणायचे ही सिद्धी. कुवलयानंदांनी क्ष-किरणांखाली पोट बघितलं आणि दाब मोजायला पाऱ्याची नळी लावली. दिसलं असं, की नौली करताना पोटाचे स्नायू विशिष्ट तऱ्हेने आवळले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप वर चढतं. चमत्कार नाही, साधं भौतिकशास्त्र. त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचंच नाव दिलं.

आता पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सगळे सांगायचे, आजही व्हॉट्सअॅपवर सांगतात. त्यांनी ते मोजलं, आणि ऑक्सिजनचा तसा फायदा काही दिसेना. योगाश्रम चालवणाऱ्या माणसाला हा निकाल दडपता आला असता. त्यांनी तो मांडला, आणि प्राणायामाचा फायदा असेल तर तो दुसरीकडे शोधायला हवा अशी भूमिका घेतली. कपाळपट्टी विकणाऱ्या सगळ्यांसाठी मी हीच कसोटी लावतो. मोजमाप आपल्या विरोधात गेलं तर हा माणूस ते सांगेल का?

ईईजी घेऊन योग्यांच्या दारात

ईईजीचं यंत्र योग्यांपर्यंत पोचायला १९५० चं दशक उजाडलं. १९५५ मध्ये दास आणि फ्रान्सचे गास्तो यांनी क्रियायोग करणाऱ्यांची नोंद छापली. खोल ध्यानात त्यांना वेगवान लहरी दिसल्या.

पुढे अमेरिकेतून मॅरियन वेंगर आणि बसुकुमार बागची भारतात आले. बागचींची गोष्ट सिनेमासारखी आहे. हे गृहस्थ एकेकाळी स्वामी धीरानंद म्हणून परमहंस योगानंदांसोबत अमेरिकेत काम करत होते. मग संन्यास सोडला, शिकले आणि मिशिगन विद्यापीठात ईईजीचे तज्ज्ञ झाले. म्हणजे दोन्ही बाजू आतून माहीत असलेला माणूस. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांना या मंडळींनी यंत्र लावलं. मनगटावरची नाडी खरंच लागेनाशी झाली, पण ईसीजीवर हृदय चालूच होतं. श्वास रोखून छातीचे स्नायू जोरात आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी क्षीण होते आणि ठोके ऐकू येत नाहीत. हे १९६१ मध्ये छापून आलं.

त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि सिंग यांनी समाधीतल्या योग्यांचा ईईजी प्रसिद्ध केला. प्रखर दिवा, मोठा आवाज, काचेच्या गरम नळीचा चटका, काही केलं तरी अल्फा मोडेना. दोघांनी ४ अंशाच्या गार पाण्यात पाऊण तास आणि वर हात ठेवला, तरी अल्फा चालू. पण १९६६ मध्ये जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांना तपासलं तर उलटंच. प्रत्येक आवाजाला मेंदू दर वेळी तितकाच ताजा प्रतिसाद देत होता.

तीन गट, तीन निकाल. कुठे वेगवान लहर, कुठे न मोडणारा अल्फा, कुठे दर वेळी मोडणारा. 'ध्यानाची लहर' अशी एकच लहर असती तर हे झालं नसतं.

लहर वाढवायचा बाजार

तरी बाजार उभा राहिलाच. जो कामिया या संशोधकाने १९५८ च्या सुमाराला शिकागोत दाखवलं, की आत्ता अल्फा चालू आहे का नाही हे माणूस सरावाने ओळखू शकतो, पुढे तो ठरवून वाढवूही शकतो. १९६८ मध्ये त्याचा लेख एका लोकप्रिय मासिकात आला आणि अमेरिकेत अल्फाची यंत्रं विकायला लागली. वीस वर्षांची साधना एका डब्यात! मग विल्यम प्लॉटकिन यांच्यासारख्यांनी नीट तपासलं. लोकांना जो आनंद वाटायचा तो बराचसा अपेक्षेतून आणि वातावरणातून येत होता, अल्फा किती वाढला त्याच्याशी त्याचा फारसा मेळ बसत नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हे मला ओळखीचं वाटतं. ऑफिसात 'किती तिकिटं बंद केली' यावर रेटिंग लावा, तिकिटं पटापट बंद होतील, बग तिथेच राहील. अल्फा हा तसाच आकडा आहे. डोळे मिटले तरी तो वाढतो. त्यात कपाळावरच्या सेन्सरची अडचण वेगळी. मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो, आणि नुसती पापणी लवली किंवा दात आवळले तरी त्याहून मोठा सिग्नल येतो. चांगलं सॉफ्टवेअर तो गाळतं, पण हिरवी रेषा बघताना नेमकं काय बघतोय हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

अलीकडचा एक चांगला प्रयोग सांगतो. अमेरिकेत एडीएचडी असलेल्या १४४ मुलांवर न्यूरोफीडबॅक तपासलं. काहींना खरं ट्रेनिंग, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या लहरींचं खोटं. कुणाला काय मिळतंय हे मुलांना ठाऊक नव्हतं, पालकांनाही नव्हतं. २०२१ मध्ये निकाल छापला. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक निघाला नाही.

चीनमधली हीच कहाणी

छीगोंग 'प्राचीन' म्हणून विकतात. त्यातले व्यायाम जुने आहेतच, पण उपचारपद्धती म्हणून हे नाव रुजलं ते १९५० च्या दशकात, ल्यू ग्वेजेन नावाच्या कार्यकर्त्यामुळे. पोटाच्या दुखण्यातून तो या व्यायामांनी बरा झाला होता, मग सरकारी पाठिंब्याने तांगशान आणि बेदायहे इथे छीगोंगची आरोग्यधामं निघाली. इथपर्यंत लोणावळ्याची आठवण येते. पण १९८० च्या दशकात तिथे लाट आली. स्टेडियम भरायची, आणि काही गुरू म्हणायचे आमच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या 'छी'ने दूरचा रोग बरा होतो. प्रयोगशाळांची नावं या दाव्यांना चिकटवली गेली. मापन होतं, पण ते गिऱ्हाईक खेचायला.

मग हाती काय उरतं?

श्वास उरतो. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्दी यांनी २३ लोकांकडून ख्रिस्ती जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लय व रक्तदाबाचे चढउतार त्याच्याशी जुळले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास तोच. छीगोंग, प्राणायाम, जप यांत समान काय, तर हे संथपण. त्यासाठी पट्टी लागत नाही.

हे सगळं आज का सांगतोय? माझा एक शाळासोबती एमआयडीसीत आलटून-पालटून तिन्ही पाळ्या करतो. झोपेचे हाल आहेत. त्याने मला असाच एक कोर्स पाठवून विचारलं, "घेऊ का रे? अर्धा पगार जाईल." मी त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. हात हलवत संथ श्वास घ्यायचा असेल तर जरूर घे, नुकसान नाही. पण पाळीमुळे मोडलेली झोप हा आधी डॉक्टरला दाखवायचा विषय आहे, आणि बीपीची गोळी चालू असेल तर हिरव्या रेषेच्या भरवशावर ती सोडायची नाही. आणि कोर्सवाल्याला एकच प्रश्न विचार. खोट्या फीडबॅकशी तुलना करून पाहिलंय का, आणि काय निघालं?

यंत्र वाईट नाही. यंत्रामुळेच बस्तीचं कोडं सुटलं आणि हृदय थांबवण्याचा दावा उघडा पडला. फक्त ते तपासायला वापरलंय की खपवायला, एवढं बघायचं.

आजचा घरचा अभ्यास. घड्याळ लावा, दोन मिनिटं आपले श्वास मोजा आणि दोनने भागा. मग पाच मिनिटं शांतपणे, जोर न लावता, सोडण्याचा श्वास लांबवा आणि पुन्हा मोजा. चक्कर आली तर थांबा. दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका, काहीच फरक पडला नसेल तर तेही टाका. भेटू पुढच्या भागात!