आंशिक कवळी आणि हिरड्यांचे आरोग्य : एका आरोपाची फेरतपासणी

काढघाल करता येणारी आंशिक कवळी उरलेल्या दातांचा आधार घेते आणि कालांतराने त्याच दातांच्या हिरड्यांना अपाय करते, हा आरोप विसाव्या शतकातील दंतवैद्यकात वारंवार झाला. १९६५ साली कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चार वर्षांच्या पाहणीने या आरोपाला बळ मिळाले. परंतु दोष कवळीचा की तिच्याभोवती साचणाऱ्या जंतुयुक्त थराचा? योगायोग असा की, त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवावयास लावले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. येथे कवळीचा संबंधच नव्हता. पुढे १९८२ साली स्वीडनमधील बर्गमन, ह्यूगोसन व ओल्सन यांनी दहा वर्षांचे निष्कर्ष मांडले. नियमित तपासणी व स्वच्छता राखणाऱ्या कवळीधारकांच्या हिरड्यांची स्थिती लक्षणीयरीत्या खालावली नव्हती. या निर्दोषत्वाला अर्थातच अट आहे. बोटे आखडलेल्या, दृष्टी मंदावलेल्या वृद्धास आकड्यांखालची जागा रोज घासता येतेच असे नाही. आणि कवळीच्या उपस्थितीत तो थर अधिक साचतो, हेही तितकेच खरे.