कुरणापासून चुलीपर्यंत

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १५६३ साली, इंग्लंडात एक मोठा मौजेचा कायदा झाला. गावोगावची गुरे विकत घेऊन ती दूरच्या बाजारी नेऊन विकण्याचा धंदा ज्याला करायचा असेल, त्याने सरकारी परवाना घ्यावा. आणि परवाना मागणारा माणूस तिशी ओलांडलेला, लग्न झालेला आणि त्या परगण्यात निदान तीन वर्षे घर करून राहिलेला असावा, असे त्या कायद्याने ठरविले. गुरांच्या व्यापाऱ्याची ही पारख म्हणजे थेट उपवर मुलीसाठी स्थळ पाहण्याचाच प्रकार झाला! पण त्यामागे शहाणपण होते. हा व्यापारी शेतकऱ्यांची शेकडो गुरे पुष्कळदा उधारीवर घेऊन निघे आणि महिना-दोन महिन्यांनी पैसे घेऊन परते. ज्याच्या घरी बायकोमुले वाट पाहत आहेत तो परत येईल, एवढाच त्या उधारीला आधार होता.

ज्या सणाचा पहिला दिवा वसुबारसेच्या संध्याकाळी गोठ्यात लागतो, त्या सणाच्या अंकात इंग्रजांच्या गोमांसाची हकीकत सांगायची म्हणजे जरा संकोच वाटतो. परंतु अन्नाचा इतिहास पाहणाऱ्याने परक्या ताटाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. शिवाय या हकिकतीचा एक धागा होळकरांच्या इंदुरातील बैलांच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचतो. तो कसा, ते ओघाने येईलच.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात धान्य बेताचे पिकते. गवत मात्र अमाप. तेथील बुटकी, केसाळ, काटक गुरे हीच शेतकऱ्याची रोकड. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड ही राज्ये एक झाली, सरहद्दीवरची जकात गेली, आणि ही गुरे दक्षिणेकडे लोटू लागली. स्काय बेटावरची गुरे तर आधी समुद्र ओलांडत. एकीच्या जबड्याला बांधलेली दोरी पुढच्या जनावराच्या शेपटीला, अशी माळ करून ती होडीमागे सामुद्रधुनीतून पोहवीत पैलतीरी नेत. तेथून डोंगरवाटांनी फॉलकर्कच्या जत्रेला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे बाजार भरत, आणि इंग्लंडचे व्यापारी येऊन कळपच्या कळप विकत घेत.

गुरे हाकणारे हे लोक आपल्याकडच्या हेड्यांचे भाऊबंदच म्हणायचे. अंगावर घोंगडीसारखे जाड कापड, हातात काठी, पायाशी कुत्रा, पिशवीत ओटचे पीठ आणि कांदे. दिवसाला मजल पाच-सहा कोसांची. त्याहून अधिक चालविले तर जनावर खंगते आणि भाव पडतो. वाटेवरची खडी खुरांना लागू नये म्हणून नाल ठोकीत. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन तुकडे आणि एका जनावराला आठ. वेल्समधून निघणाऱ्या कळपांबरोबर याच कामासाठी नालबंद असत.

इतकी पायपीट झालेली गुरे लंडनला पोचेपर्यंत हाडांचे सापळे होत. म्हणून पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात ती थांबवीत. नॉरिचजवळच्या सेंट फेथच्या बाजारात तेथील शेतकरी ती विकत घेत आणि गवत, सलगम खाऊ घालून महिनोन्‌महिने पोशीत. अठराव्या शतकाच्या आरंभी डॅनियल डीफोने आपल्या प्रवासवर्णनात या परगण्यात वर्षाला चाळीस हजारांहून अधिक स्कॉटिश गुरे पोसली जातात असे लिहून ठेवले आहे. त्यानंतर लंडनचा स्मिथफील्डचा बाजार.

आता पाहा, जनावर वाढविणारा आणि ते खाणारा यांच्यात तेव्हाही शेकडो मैलांचे अंतर होते. पण ते पायी चाललेले अंतर होते आणि वाटेवरच्या प्रत्येक हाताला ओळख होती. वेल्समधले शेतकरी आणि जमीनदार या हाकाऱ्यांवर इतका भरवसा ठेवीत की लंडनला भरायचे पैसेही त्यांच्याच हाती देत. त्यांतूनच पेढ्या निघाल्या. तरुणपणी गुरांच्या धंद्यात शिरलेल्या डेव्हिड जोन्स नावाच्या गृहस्थाने १७९९ साली लँडव्हरी गावी बँक काढली. तिच्या नोटांवर काळ्या बैलाचे चित्र असे, म्हणून लोक तिला काळ्या बैलाची बँक म्हणत. ती पुढे १९०९ साली लॉइड्स बँकेत विलीन झाली.

हे मांस इंग्रजांच्या घरी शिजे कसे? रविवारचा भाजलेला मोठा तुकडा ही त्यांची पक्वान्नाची कल्पना. सधन घरी तो सळईवर खोवून विस्तवासमोर तासन्‌तास फिरवीत. खाली ठेवलेल्या परातीत चरबी ठिबके. त्याच परातीत पीठ, दूध आणि अंडी यांचे सरबरीत मिश्रण ओतून फुगवीत. हाना ग्लास नावाच्या बाईने १७४७ सालच्या आपल्या पाकपुस्तकात ही कृती 'यॉर्कशायर पुडिंग' या नावाने दिली आहे. गरिबाघरी भट्टी कोठली? ती बाई आपला तुकडा रविवारी सकाळी पाववाल्याच्या भट्टीत ठेवून येई आणि दुपारी घेऊन जाई. सोमवारी उरलेले थंड खायचे, मंगळवारी त्याचा खिमा, मग हाडांचे सार. गोठलेली चरबी पावाला लावायची. मूत्रपिंडाभोवतीची कठीण चरबी नाताळच्या पुडिंगात जाई. काटकसर ही तेथल्याही गृहिणीला कोणी शिकवावी लागत नव्हती.

त्या काळातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्कॉटलंडात टिलीफूर येथे विल्यम मॅकॉम्बी नावाचा मोठा पशुपालक होता. त्याचा बाप गुरे हाकण्याच्या धंद्यातला. ॲबर्डीन-अँगस ही काळी, बिनशिंगी जात नावारूपाला आणण्यात त्याचा वाटा मोठा. त्याच्या 'ब्लॅक प्रिन्स' नावाच्या बैलाने १८६७ साली बर्मिंगहॅम आणि स्मिथफील्डची प्रदर्शने जिंकली. व्हिक्टोरिया राणीला तो पाहायचा होता, म्हणून त्याला विंडसरच्या राजवाड्यात नेण्यात आले. आणि पुढे नाताळच्या मेजवानीसाठी त्याच बैलाचे मांस राणीने स्वीकारले. आपल्या मनाला ही गोष्ट चमत्कारिक वाटते, नव्हे बोचतेच. तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे. आपण काय खातो आहोत ते राणीने समोरासमोर पाहिले होते. तिच्या राज्यातील लक्षावधी लोकांच्या नशिबातून ते पाहणे त्याच सुमारास नाहीसे होत होते.

कारण आगगाडी आली. आठवड्यांची वाट दिवसावर आली, जनावर वाटेत खंगेनासे झाले आणि हाकाऱ्यांचा धंदा बसला. डिकन्सने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये रंगविलेला स्मिथफील्डचा चिखल आणि कोलाहल लंडनकरांना असह्य होऊन १८५५ साली जिवंत गुरांचा बाजार शहराबाहेर इस्लिंग्टनला हलविला, आणि १८६८ साली स्मिथफील्डला फक्त कापलेल्या मांसाची मंडई उघडली. जनावर डोळ्यांआड गेले. राहिले ते आकड्याला टांगलेले मांस. इकडे अमेरिकेत १८६५ च्या नाताळात शिकागोचे प्रचंड गुरेबाजार सुरू झाले. बर्फाने गार ठेवलेल्या डब्यांतून स्विफ्टसारखे कारखानदार तेथून मांस दूरदूरच्या शहरांना धाडू लागले. १८८० च्या फेब्रुवारीत 'स्ट्रॅथलेव्हन' नावाची बोट ऑस्ट्रेलियातले गोठविलेले मांस घेऊन लंडनला लागली. आता सिडनीकडचा बैल लंडनच्या ताटात येऊ लागला; आणि खरेच, स्वस्त झाला. ज्या मजुराला पूर्वी मांस क्वचित मिळे त्याला ते वरचेवर मिळू लागले. हा लाभ लहान नव्हे.

पण विचारायचे कोणाला, हा प्रश्न मात्र उरला. शिकागोच्या कारखान्यांत काय चालते हे अप्टन सिंक्लेअरने 'द जंगल' या कादंबरीत १९०६ साली मांडले, तेव्हा अमेरिका हादरली. सिंक्लेअरला दाखवायची होती कामगारांची दैना; लोकांना धक्का बसला तो आपल्या पोटात काय जाते याचा. त्याच वर्षी ३० जूनला मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. पूर्वी जे काम लग्न झालेल्या, घरदार असलेल्या माणसाच्या शब्दावर होत होते, ते आता सरकारी शिक्क्यावर होऊ लागले.

येथे इंदूरचा धागा येतो. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथे नोकरीवर आला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना शिकवावे म्हणून आलेला हा माणूस त्यांनाच गुरू मानू लागला. पुशाला त्याने आपल्या शेतीकामाचे बैल मागून घेतले आणि चांगल्या जमिनीतल्या सकस चाऱ्यावर ते जोपासले. कुंपणापलीकडे लाळ-खुरकूत झालेली जनावरे होती. त्यांच्या नाकाला नाक लावूनही आपले बैल आजारी पडले नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. पुढे १९२४ ते १९३१ तो इंदूरला होता. तेथे शेण, गोमूत्राने भिजलेली माती, पऱ्हाटी, पालापाचोळा आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत त्याने बसविली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक त्याने एकट्याने लिहिलेले नाही. त्यावर दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे. मराठी वाचकाने हे नाव विसरू नये.

जमीन निरोगी तर चारा निरोगी, चारा निरोगी तर जनावर निरोगी, आणि मग माणूस, ही हॉवर्डची शिकवण १९४० सालच्या त्याच्या ग्रंथातून इंग्लंडभर गेली. ती वाचून ईव्ह बाल्फर यांनी १९४३ साली 'द लिव्हिंग सॉइल' लिहिले, आणि १९४६ साली 'सॉइल असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. लाळ-खुरकूत हा विषाणूचा रोग आहे आणि चांगल्या चाऱ्याने तो टळतो असे शास्त्र मानीत नाही, हेही सांगितले पाहिजे. हॉवर्डच्या बैलांच्या गोष्टीवर सारी इमारत उभारता येणार नाही. पण जनावराला त्याचे स्वाभाविक अन्न द्यावे हा त्यातला गाभा किती मोलाचा होता, ते पुढे फार कठोरपणे कळले.

१९८६ साली इंग्लंडात गुरांचा एक नवा रोग ओळखला गेला. जनावरे लटपटत, बावरत आणि मरत. शोध घेता कळले की गवत खाणाऱ्या या प्राण्याला मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी पेंडीतून खाऊ घातली जात होती. खाणाऱ्यांना धोका नाही असे सरकार सांगत राहिले. १९९० साली तर कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. आणि १९९६ च्या २० मार्चला त्याच सरकारला पार्लमेंटात उभे राहून कबूल करावे लागले की माणसांना जडलेला मेंदूचा एक प्राणघातक विकार बहुधा याच मांसातून आला असावा. ब्रिटनमध्ये त्या विकाराने पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, पुष्कळशी ऐन तारुण्यात. लक्षावधी गुरे मारून जाळावी लागली. शिक्का होता, तपासनीस होते, मंत्री होते. नव्हता तो ज्याच्या तोंडाकडे पाहून विचारावे असा माणूस. त्याच जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला चक्क पारपत्र मिळू लागले, म्हणजे त्याचा जन्म कोणत्या गोठ्यात झाला आणि ते कोठकोठे गेले याची नोंद.

यानंतर पुष्कळ इंग्रज कुटुंबे शेताची वाट शोधू लागली. १९९७ साली बाथ शहरात शेतकऱ्यांनी स्वतःचा माल स्वतः विकण्याचा बाजार भरविला, आणि तसे बाजार गावोगाव पसरले. काहीजण शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवतात. गवतावर सावकाश वाढलेले जनावर, दोन-तीन आठवडे थंड जागी टांगून मुरविलेले मांस, आणि चार घरांत मिळून त्याचे वाटे. अशा मांसाची चरबी पिवळसर असते. गाईचे तूप ज्या कारणाने पिवळे, त्याच हिरव्या चाऱ्यातल्या रंगद्रव्याने. त्यात चरबी बेताची, म्हणून भडक आचेवर ते चामड होते; मंद आचेवर, झाकण ठेवून, तीन-चार तास शिजवावे लागते. शिवाय वाटा घेतला म्हणजे निवडक तुकडेच मिळत नाहीत. नळीचे मांस, शेपूट, हाडे, चरबी, सारेच घरी येते. आणि मग पणजीची काटकसर पुन्हा आठवावी लागते. हे सर्वांना परवडणारे नाही. ज्याच्या घरी मोठे शीतकपाट नाही आणि हाती एकरकमी पैसे नाहीत, तो अजूनही दुकानातले स्वस्त पुडकेच उचलतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

महाराष्ट्रात गोवधाला १९७६ च्या कायद्यान्वये बंदी आहे, आणि २०१५ पासून बैलही त्या कायद्याच्या कक्षेत आले. तेव्हा ही आपल्या चुलीची कथा नव्हे. पण दुधाची पिशवी फोडताना, पॉलिशच्या डाळीचा डबा भरताना, रसायनात पिकविलेला आंबा कापताना, हे कोठून आले असे विचारायला आपल्यालाही समोर कोणी नसते. बाथच्या बाजारात उभी असलेली बाई शेतकऱ्याला तुमचे शेत कोठे, गुरे काय खातात, घरी कोण कोण असते, असे विचारते. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याने गुरांच्या व्यापाऱ्याला निराळे काय विचारले होते?