व्यूह कोणी रेखाटला?

व्यूह म्हटला की राजाचे नाव पुढे येते. क्रीटच्या मायनॉस राजासाठी डिडॅलसने तो बांधला आणि आत शिरलेल्यास परतीची वाट सापडत नसे, अशी ग्रीक कथा आहे. परंतु क्रीटमधील नॉसॉसच्या प्राचीन नाण्यांवरील व्यूह पाहावा, तर त्यात वाट एकच. तिला फाटाच नाही. लखनौच्या भुलभुलैयात माणूस चुकतो, येथे चुकणेच अशक्य!

ही आकृती काढण्यास मोठी विद्या लागत नाही. मध्ये बेरजेचे चिन्ह काढावे. त्याच्या चारही कोनांत, कोपरा मध्याकडे ठेवून, एकेक काटकोन काढावा व काटकोनाच्या उघड्या तोंडाशी एकेक ठिपका द्यावा. ठिपकाही टोकच धरावा. आता चिन्हाचे वरचे टोक उजवीकडील शेजारच्या टोकाशी कमानीने जोडावे. मग डावीकडील पहिले टोक उजवीकडील पुढच्या टोकाशी, असे क्रमाने जोडीत जावे. १६ टोके ८ कमानींत संपतात व ७ फेऱ्यांचा व्यूह सिद्ध होतो. कमानी वाटोळ्या काढल्या तर तो गोल, सरळ रेघांनी काढल्या तर चौकोनी. नॉसॉसच्या नाण्यांवर दोन्ही घाट आहेत. घाट बदलला तरी वाटेचा क्रम तोच: बाहेरून मोजता ३, २, १, ४, ७, ६, ५ आणि मग मध्य.

ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो अशा व्यूहांत सर्वांत जुना कोठे सापडावा? ग्रीसमधील पायलॉसचा राजवाडा इ. स. पू. १२००च्या सुमारास जळाला. कच्च्या मातीच्या हिशेबी पाट्या त्या आगीत भाजून निघाल्या, म्हणूनच टिकल्या. त्यांपैकी एकीवर माणसांची नावे व शेळ्यांची नोंद आहे आणि पाठीवर चौकोनी व्यूह! १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने ही लिपी उलगडली, तेव्हा अशा पाट्यांवरून राजाच्या पराक्रमाची गाथा नव्हे, तर माणसे, गुरे, धान्य यांचे हिशेब बाहेर पडले.

तो व्यूह काढणारा हात हिशेबनिसाचाच असावा, असे आम्हांस वाटते. कामाच्या मधल्या विसाव्यात त्याने ओली माती उलटी केली असेल. आमच्या गोव्यातही कुशावतीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळात गोल व्यूह कोरलेला आहे; तो कोरणाऱ्याचेही नाव कोणी टिपून ठेवले नाही. राजवाडा राजाचा म्हणून इतिहासात नोंदला जातो. पण त्या वाड्याचा हिशेब ठेवणाऱ्याने पाटीच्या पाठीवर जे काढले, ते वाड्यापेक्षा अधिक टिकले. इतिहास वाचताना पाटी उलटून पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.