पंप म्हणे, मी पंखा!

गेल्या शनिवारी सकाळी मावसभावाचा फोन. "दादा, मशीन गेलं बहुतेक. रेंडर लावलं की बंद पडतंय. सोमवारी लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय."

पोरगं हप्त्यावर पीसी घेऊन लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग करतं, त्यामुळे 'पुढच्या वीकेंडला बघू' म्हणायची सोय नव्हती. गेलो. प्रोसेसर ९५ अंशांच्या वर, पंखे जिवाच्या आकांताने फिरतायत, आणि रेडिएटरला हात लावला तर थंडगार! प्रोसेसर तापलाय आणि रेडिएटर थंड, म्हणजे मधलं पाणी जागचं हललेलंच नाही. पंप बंद.

कारण अर्ध्या तासात सापडलं, ते शेवटी सांगतो. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला: पाणी खेळवणारा पंप मुळात पंख्याच्या कनेक्टरमध्ये का लावायचा? रविवार त्यातच गेला.

आधी असं नव्हतं. आयबीएमने १९८० साली ३०८१ हा मेनफ्रेम जाहीर केला. त्यात सिरॅमिकच्या एकाच चौकोनी तुकड्यावर शंभराहून जास्त चिप्स दाटीवाटीने बसवलेल्या. सगळ्या चिप्स एका पातळीत कशा बसणार? मग वर एकच सपाट पत्रा ठेवून चालेना. म्हणून प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या, फटींमध्ये हेलियम (हवेपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतो), आणि या सगळ्याच्या वर गार पाणी फिरणारी थाळी. हे पाणी पुरवायला चक्क वेगळं कपाट होतं, त्याला नंबरही वेगळा: ३०८७. थोडक्यात, पाण्याचा कारभार स्वतंत्र. पुढे बायपोलर चिप्स जाऊन सीमॉस आलं, १९९४ मध्ये आयबीएमचे नवे मेनफ्रेम हवेवरच थंड व्हायला लागले आणि पाण्याची गरज काही वर्षं तरी संपली.

घरच्या पीसीची गोष्ट वेगळी. ४८६च्या काळातल्या पंख्याला दोनच वायरी: बारा व्होल्ट आणि ग्राउंड. फिरतोय की मेलाय, बोर्डाला पत्ता नाही. मग तिसरी वायर आली. पंख्याच्या प्रत्येक फेरीला दोन पल्स, ते मोजले की वेग कळतो. (लिनक्सवाल्यांनी एलएम-सेन्सर्स वापरलं असेल. त्यातलं 'एलएम' हे नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम७८ या चिपवरून आलंय. ती असल्या मोजणीसाठीच होती.) चौथी वायर इंटेलने २००४च्या सुमारास आणली, पीडब्ल्यूएमची. साधारण २५ किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे, नाहीतर मोटर गुणगुणत बसली असती.

तेव्हा हौशी मंडळी काय करत होती? मत्स्यालयातला पंप आणि मोटारीच्या हीटरचा रेडिएटर! पंपाचा प्लग थेट भिंतीत. पीसी चालू केला आणि पंप विसरलात, तर तुमचं नशीब. मला हा जुगाड फार आवडतो, पण खरं सांगायचं तर बोर्डाला पाण्याचा थांगपत्ताच नव्हता. २००४ हे वर्षच तापलेलं होतं. इंटेलच्या प्रेस्कॉटची काही मॉडेल्स शंभर वॅटच्या पुढे गेली, मे महिन्यात त्याचा वारसदार तेजस गुंडाळला गेला, आणि जूनमध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातूनच पाणी भरून दिलं.

खरी मेख २००९ची. कॉर्सेअरचा एच५०, बनवणारी डेन्मार्कची असेटेक. पंप थेट प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमध्ये, सगळं सीलबंद, पाणी भरायची कटकट नाही. पण या पंपाला वीज कुठून? बोर्डावर तयार जागा एकच होती, पंख्याची. मग पंपाने पंख्याचं सोंग घेतलं. तीच तीन पिनांची सॉकेट, तेच पल्स. बोर्ड खूश, त्याच्या लेखी तो पंखाच.

आणि भावाच्या पीसीत नेमकं हेच नडलं. जुळणी करणाऱ्याने पंप 'चॅसिस फॅन'वर लावला होता आणि बायोसमध्ये ती जागा 'सायलेंट'वर. बोर्ड स्वतःचं तापमान बघायचा, प्रोसेसरचं नाही. बोर्ड गार, म्हणून व्होल्टेज कमी. पंखा कमी व्होल्टेजवर हळू फिरतो, हा पंप सुरूच होईना. पंप 'पंप' लिहिलेल्या जागी हलवला आणि कायम फुल स्पीडवर ठेवला. तशी जागा नसेल तर कुठलीही फॅनची जागा चालते, फक्त तिथे फुल स्पीड हवा. रेडिएटरचे पंखे 'सीपीयू फॅन'वर, नाहीतर काही बोर्ड सुरू होतानाच एरर देऊन अडून बसतात. तुमच्या पंपाला साटाची वेगळी वीज असेल आणि बोर्डाकडे जाणारी वायर एकच असेल, तर ती फक्त वेग सांगते. बायोसमध्ये कितीही खटपट करा, पंप ऐकणार नाही.

अजून एक. प्रोसेसर क्षणात वीस अंश चढतो, पाणी मात्र सावकाश तापतं. म्हणून पंख्यांना प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर लावला, आणि ते उगाच भुंकायचे थांबले.

दुपारी रेंडर लावलं. प्रोसेसर ७१वर स्थिर, रेडिएटर छान कोमट. व्हिडिओ वेळेत गेला. नवरदेवाच्या काकांना मागचं गाणं आवडलं नाही म्हणे, ते बदलून हवंय. असो :-)