प्रयोगशाळेपर्यंतची वाट



बाबासाहेबांच्या पदव्या आपण अभिमानाने मोजतो. पण त्यांच्या शिक्षणात मध्येच खंड पडला होता, हे पोरांना कोणी सांगत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अभ्यास चालू असतानाच मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून परत यावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा संपला होता. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली अर्थशास्त्राची डी.एस्सी. मिळवली.

हा अनुभव ते विसरले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी सरकारला निवेदन दिले. नुसते कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या समाजाला पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे. ते महाग आहे, म्हणून सरकारने देशात आणि परदेशात शिकायला पैसा द्यावा, अशी त्यांची मागणी होती. १९४४ पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचे मूळ या धडपडीत आहे.

आपले हसनाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्यातल्या पोरांसाठी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद. नागसेनवनात राहून खेड्यापाड्यातली पोरं शिकली. पुढे तिथे विज्ञानाचे वेगळे महाविद्यालय झाले.

१९५६ साली आपण धम्म घेतला, आणि केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीत राहिलो नाही. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. दाखल्यावर खरा धर्म लिहिल्याची किंमत एका अख्ख्या पिढीने मोजली.

आज संशोधनासाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीची आहे, परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तरी २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक पोरांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. म्हणजे १९१७ सालचे दुखणे अजून गेलेले नाही.

विज्ञानातली पीएच.डी. चार-पाच वर्षांची. दिवस-रात्र प्रयोगशाळेत जाते, बाहेर नोकरी करून ती जमत नाही. पोरगं एम.एस्सी. झालं की घरचे विचारतात, "आता पगार कधी सुरू होणार?" त्यांचंही चुकत नाही. हप्ता सहा महिने लांबला तर खोलीभाडं कुठून द्यायचं? पोरगी असली तर लग्नाची घाई वेगळीच. इथेच पोरं सुटतात.

विद्यापीठ काढणे आपल्या हातात नाही. पण अर्जाच्या तारखा विहाराच्या फळ्यावर लिहिता येतील. जातपडताळणीचे कागद वेळेत करून देता येतील. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला ठेवून, हप्ता येईपर्यंत एखाद्याला बिनव्याजी हात देता येईल. नवल भथेनांनी तेवढेच तर केले होते.

जयभीम! नमो बुद्धाय!